सादायाक्कोचं मरण आणि पॅरिसची टाळी

प्रश्न असा आला आहे : "1900 च्या पॅरिस प्रदर्शनात सादायाक्को या जपानी नटीला युरोपनं डोक्यावर घेतलं. पण जपानमध्ये ती नटी नव्हतीच, आणि त्या मंडळींनी दाखवलेलं नाटक जपानमध्ये तसं कधी होतही नव्हतं, असं वाचनात आलं. मग ही फसवणूक होती का? असेल तर कोणी कोणाला फसवलं? आम्हालाही युरोपातल्या एका महोत्सवाचं आमंत्रण आहे आणि आयोजकांनी संहितेत काट सुचवली आहे, म्हणून विचारतो."

तीस वर्षं नाटकात काढली. आधी विंगेत प्रयोग-व्यवस्थापक म्हणून, नंतर दिग्दर्शक म्हणून. त्यातले काही दौरे परदेशातले होते. त्यामुळे या प्रश्नाचा शेवटचा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण त्याचं उत्तर पहिल्या भागातून गेल्याशिवाय हाती लागत नाही, म्हणून सुरुवात सादायाक्कोच्या नवऱ्याच्या, कावाकामीच्या, नाटक कंपनीपासून करतो.

पहिली गोष्ट म्हणजे कावाकामी ओतोजिरो हा काबुकीचा, म्हणजे जपानच्या पारंपरिक रंगभूमीचा, नट नव्हता. काबुकीत घराणी असतात, बापाचं नाव मुलाकडे जातं, बाहेरच्या माणसाला मोठ्या भूमिका सहसा मिळत नाहीत. हा 1864 साली हाकाताला जन्मलेला, राजकीय सभांमधून सरकारवर तोंडसुख घेणारा आणि त्यापायी अनेकदा पकडला गेलेला तरुण. सभा बंद पाडतात म्हणून तो रंगमंचाकडे वळला. 'ओप्पेकेपे' नावाचं त्याचं टिंगलीचं गाणं टोकियोत घरोघरी पोचलं होतं. 1893 मध्ये तो पॅरिसला जाऊन तिथली थिएटरं पाहून आला, आणि परतल्यावर प्रेक्षागृहात अंधार करणं, प्रकाशाचा वापर, वेगवान प्रसंग असल्या गोष्टी त्यानं आपल्या नाटकात आणल्या. 1894 मध्ये चीनशी युद्ध सुरू झालं तेव्हा त्यानं युद्धावरची नाटकं लावली आणि ती तुफान चालली. 1896 मध्ये स्वतःचं थिएटर बांधलं, कर्जात बुडाला, निवडणुकीला उभा राहिला, पडला.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो, की पॅरिसमध्ये 'प्राचीन जपान' म्हणून ज्याला दाद मिळाली तो माणूस जपानमध्ये सगळ्यात नव्या, सगळ्यात उद्धट आणि बऱ्याच अंशी पॅरिसहूनच शिकून आलेल्या नाटकाचा प्रतिनिधी होता.

सादायाक्कोचं तसंच. 1871 चा टोकियोतला जन्म. लहानपणीच गेइशांच्या, म्हणजे नाच-गाण्यानं पाहुण्यांना रिझवणाऱ्या बायकांच्या, घरात दत्तक गेली. पुढे टोकियोच्या योशिचो भागात नावाजली, आणि पंतप्रधान इतो हिरोबुमी तिचा आश्रयदाता होता. नृत्य तिच्या अंगात मुरलेलं होतं, पण व्यावसायिक रंगमंचावर ती नटी म्हणून उभी राहिलेली नव्हती, राहणं शक्यही नव्हतं. जपानमध्ये 1629 मध्येच बायकांना रंगमंचावर बंदी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सैल झाली तरी काबुकीत स्त्रीभूमिका पुरुषच करत होते. त्यांना ओन्नागाता म्हणतात. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्याच्या दोनच वर्षं आधी सादायाक्को जपानच्या रंगमंचावर पहिल्यांदा उभी राहिली. तो प्रसंग पुढे येईलच.

तर 1899 च्या वसंतात ही जेमतेम वीस माणसांची कंपनी कोबेहून निघाली आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. अमेरिकेत बाई रंगमंचावर नाही हे कोणाला पटेना, म्हणून नवऱ्याला सोबत करायला आलेली सादायाक्को मुख्य नटी झाली. मध्यस्थानं पैशाचा घोळ केला आणि कंपनी रस्त्यावर आली. ओतोजिरोची लहानगी भाची त्सुरू त्यांच्याबरोबर होती. तिला तिथल्या एका जपानी चित्रकाराच्या हवाली करून ते पुढे निघाले. (हीच त्सुरू आओकी पुढे हॉलिवुडच्या मूकपटांत नावारूपाला आली.) शिकागोला पोचेपर्यंत मंडळी अक्षरशः उपाशी होती. कसाबसा एक प्रयोग मिळाला. पोटात काही नसताना तलवारबाजी करायची, पडायचं, आणि पडलेल्या नटाला उठताना चक्कर यायची, अशी ती स्थिती.

ही शिकागोची रात्र मी वर्षानुवर्षं माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे, कारण पुढे पॅरिसला जे दिसलं त्याचा आराखडा इथून पुढच्या रस्त्यावर ठरत गेला. भाषा एकाही प्रेक्षकाला कळत नव्हती. संवाद सुरू झाले की लोक चुळबुळ करायचे, मारामारी सुरू झाली की पुढे सरकून बसायचे. दौऱ्यावरच्या माणसाला हा आवाज ओळखू येतो. खुर्च्यांची करकर, खोकले, कार्यक्रमपत्रिकेची पानं. विंगेत उभं राहून तो आवाज ऐकला की हात आपोआप संहितेकडे जातो. ओतोजिरोचाही गेला. संवाद छाटले. तलवारी, कुस्तीचे डाव, कपड्यांचे झटपट बदल, नृत्य आणि मरण वाढवलं. तासन्‌तास चालणाऱ्या काबुकीतल्या वस्तू घेऊन त्यानं अर्ध्या-पाऊण तासाचे तुकडे केले.

त्यातला सगळ्यात गाजलेला तुकडा 'गेइशा आणि योद्धा'. हे नाव जपानमधल्या कुठल्याही जुन्या नाटकाचं नाही. काबुकीतल्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्यात सांधल्या आहेत. एकीत गणिकांच्या वस्तीत दोन सामुराईंच्या तलवारींची म्यानं एकमेकांना लागतात आणि भांडण पेटतं. दुसरी दोजोजी देवळाची : प्रेमात झिडकारली गेलेली बाई देवळात येते, भिक्षूंसमोर नाचते आणि नाचता नाचता तिच्यातला सूड वर येतो. ओतोजिरोनं सांधा असा मारला, की पहिल्या भागातली गणिका कात्सुरागी आपल्या प्रियकराच्या मागावर देवळापर्यंत येते. तो आपल्या वाग्दत्त वधूबरोबर आत लपलेला असतो. आत शिरण्यासाठी ती भिक्षूंना नाचून रिझवते, त्या दुसरीवर धावून जाते, तिला अडवतात, आणि अडवल्यावर तिचं काळीज फुटून ती मरते.

माझं मत विचाराल तर ही उत्तम दर्जाची दौऱ्याची कारागिरी आहे. एक ओळ भाषा न समजता संपूर्ण गोष्ट कळते. मारामारी, विनोद, नाच, मत्सर, मरण हा क्रम कोणत्याही गावात लागू पडेल. काबुकीतही जुन्या कथावस्तू एकमेकींत मिसळून नवं नाटक करण्याची परंपरा आहेच. म्हणजे यातली सांधणी जपानी होती, पण ती करायला लावणारी भूक परदेशी होती.

या दौऱ्यावर कंपनीनं मोजलेली किंमत बऱ्याच लेखांतून एका वाक्यात उरकलेली दिसते. बॉस्टनच्या हिवाळ्यात त्यांचे स्त्रीभूमिका करणारे दोन नट, मारुयामा आणि मिकामी, एकामागून एक गेले. पांढऱ्या रंगभूषेतलं शिसं हे कारण सांगितलं जातं. ओतोजिरो स्वतः शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता. त्याच बॉस्टनमध्ये हेन्री आयर्विंग आणि एलन टेरी या नामवंत इंग्रज नटांचं, शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' पाहून या मंडळींनी त्यातल्या न्यायालयाच्या प्रवेशाची जपानी आवृत्ती करून दाखवली. साथीदार दगावलेत आणि दुसऱ्या आठवड्यात नवा प्रवेश बसवायचा आहे, हे ज्यानं दौरे केलेत त्याला कळेल. प्रयोग लागलेला असतो.

मग न्यूयॉर्क, लंडनचं कॉरोनेट थिएटर, आणि जुलै 1900 मध्ये पॅरिस. तिथे त्यांना भेटली लोई फुलर. ही अमेरिकेहून येऊन पॅरिसमध्ये स्थिरावलेली नर्तकी. रेशमाचे प्रचंड घोळ आणि विजेचे रंगीत झोत यांच्या जोरावर तिनं नाव कमावलं होतं, आणि प्रदर्शनाच्या आवारात तिचं स्वतःचं छोटं थिएटर उभं होतं. प्रदर्शनाला पाच कोटींच्या आसपास लोक आले असं मानतात. म्हणजे तिकिटाला रांग लावणारा प्रेक्षक एकाच दिवसात यंत्रांचे दालन, वसाहतींचे देखावे, सरकता रस्ता आणि जपानी नाटक हे सगळं पाहून घरी जाणारा होता. असा प्रेक्षक थांबत नाही. त्याला थांबवायला काहीतरी धारदार लागतं.

फुलरला ते काय आहे हे नेमकं ठाऊक होतं : हाराकिरी. तिनं स्वतःच्या आठवणींत हे लपवलेलं नाही. कंपनीकडे 'केसा' नावाचा दुसरा तुकडा होता. मूळ कथा अशी, की एन्दो मोरितो नावाचा योद्धा दुसऱ्याच्या बायकोच्या, केसाच्या, प्रेमात पडतो आणि तिच्या नवऱ्याला मारायला रात्री घरात शिरतो. नवऱ्याच्या जागी ती स्वतः झोपलेली असते; अंधारात तिचंच डोकं त्याच्या हातात येतं. पश्चात्तापानं तो संन्यास घेतो आणि पुढे मोंगाकू नावाचा भिक्षू होतो. जपानी माणसाच्या दृष्टीनं गोष्टीचा प्राण तिथे आहे, खुन्याच्या भिक्षू होण्यात. पॅरिसच्या रंगमंचावर मोरितोनं पोट फाडून घेतलं. रोज. दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा.

तुमच्या 'फसवणूक' या शब्दाला जर कुठे जागा असेल तर ती इथे आहे, असं मी बराच काळ मानत होतो. आज तसं ठामपणे म्हणवत नाही. ओतोजिरोनं नकार दिला असता तर काय, हा प्रश्न घरी खुर्चीत बसून सोपा आहे. त्याच्या अंगावर कंपनी होती, कर्ज होतं, दोन माणसांचं मरण होतं. पण हेही खरं, की संन्यास आणि आत्महत्या यांत फरक केवळ शेवटाचा नाही. संन्यासात माणूस स्वतःच्या कृत्यासह जगायला मागे उरतो, आणि ते दाखवायला शब्द लागतात, वेळ लागतो. हाराकिरीला एक चाकू आणि तीन मिनिटं पुरतात.

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी आहे. पॅरिसनं केवळ रक्तासाठी टाळ्या दिल्या नाहीत. फ्रेंच लेखक आंद्रे जीद हे नाटक सहा वेळा पाहायला गेला आणि त्याला त्यात ग्रीक शोकांतिकेची आठवण झाली. अमेरिकन नर्तकी इसाडोरा डंकन संध्याकाळमागून संध्याकाळ तिथे जाऊन बसत होती. दुसरी अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिसनं सादायाक्कोला पाहिलं आणि आयुष्यभर विसरली नाही. पिकासोनं सादायाक्कोचं चित्र काढलं. तिची तुलना सारा बर्नार्ड आणि एलिओनोरा दूझे या त्या काळच्या युरोपातल्या थोर नटींशी होऊ लागली. संगीताबद्दल बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली, शामिसेन या जपानी तंतुवाद्याचा आवाज त्यांना सोसवेना. पण तिच्या मरणापुढे तेच समीक्षक गप्प झाले.

का झाले, हे मी अभिनयाच्या अंगानं सांगतो, कारण इथे केवळ 'परकेपणाची भुरळ' म्हणून बोळवण केली तर तिच्यावर अन्याय होईल. त्या काळच्या युरोपीय रंगमंचावर मरण हे बोलून व्हायचं. लांब स्वगत, हात छातीवर, मग पडणं. सादायाक्कोकडे शब्द नव्हते. असले तरी कुणाला कळणार नव्हते. तिनं मरण शरीरातून उणं करत नेलं. केस सुटतात, पावलाची पकड जाते, खांदे खाली येतात, चेहऱ्यावरचे भाव एकेक करून विझतात आणि शेवटी डोळे. जपानी नृत्यात थांबणं हीसुद्धा हालचाल असते, दोन ठेक्यांमधली रिकामी जागा ठरवून भरावी लागते. तिला लहानपणापासून तेच शिकवलेलं होतं. युरोपीय प्रेक्षकानं त्याला 'निसर्गदत्त' म्हटलं, 'रानटी सच्चेपणा' म्हटलं. वस्तुतः ती पंचवीस वर्षांची शिस्त होती. परक्या कलाकाराच्या कमावलेल्या गोष्टीला त्याच्या जातीचा स्वभाव समजणं, ही या सगळ्या कौतुकातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट आहे. कौतुक खरं असतं, फक्त ते श्रमाच्या नावे जमा होत नाही.

1901-02 मध्ये फुलरनं त्यांना पुन्हा आणलं आणि युरोपभर फिरवलं : बर्लिन, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग, इटली, स्पेन. काही काळ डंकनही या ताफ्यात होती. 1902 मध्ये मिलानला इटालियन संगीतकार पुच्चिनीनं सादायाक्कोचा प्रयोग पाहिला. तेव्हा तो 'मादामा बटरफ्लाय' हा ऑपेरा रचत होता, जो फेब्रुवारी 1904 मध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरात आला. त्याच्या नायिकेचा शेवटही चाकूनंच होतो. पॅरिसमध्ये सादायाक्कोच्या नावाचे किमोनो दुकानात विकायला होते. बाई मंचावर, तिचं नाव कपड्यावर.

आणि मायदेशी? युरोपात राहणाऱ्या जपानी लोकांना लाज वाटत होती. शिकलेली, सरकारी कामावर असलेली ही माणसं आपला देश आधुनिक आहे हे पटवण्यात आयुष्य घालवत होती, आणि समोर रोज पोट फाडलं जात होतं. तेही ज्यांना काबुकीच्या मंचावर उभं केलं नसतं अशा लोकांकडून. त्यांचा राग मी समजू शकतो. आपल्याकडे 'घाशीराम कोतवाल' 1980 मध्ये युरोपला निघालं तेव्हा नाना फडणवीस परदेशात असे दिसणार का, म्हणून किती रण पेटलं होतं हे ज्यांनी अनुभवलं त्यांना तो राग ओळखीचा वाटेल. वाद वेगळा होता. तिथे नाटकाचा शब्दही बदललेला नव्हता. पण 'परक्यांच्या डोळ्यांत आपण कसे दिसू' ही भीती एकच.

सादायाक्कोची गोष्ट मात्र तिथे संपत नाही, म्हणून मी तिला दुर्दैवी म्हणत नाही. 1903 मध्ये ओतोजिरोनं 'ऑथेल्लो' जपानमध्ये बसवलं, कथानक तैवानला नेऊन, आणि डेस्डेमोना उभी केली सादायाक्कोनं. परदेशात नटी म्हणून गाजलेली बाई आता घरी नटी झाली. पुन्हा युरोपला जाऊन त्यांनी थिएटरांचा कारभार अभ्यासला आणि 1908 मध्ये तिनं टोकियोत नटींना शिकवण्यासाठी शाळा काढली. ओतोजिरो 1911 मध्ये गेला. ती 1946 पर्यंत जगली. युरोपच्या टाळ्यांतून मिळालेलं बळ तिनं जपानमधल्या बायकांसाठी दार उघडायला लावलं. तिच्या कंपनीचा हिशेब मांडायचा तर ही रक्कम जमेच्या बाजूला लिहावीच लागेल.

हानाको या दुसऱ्या जपानी नटीच्या बाबतीत तसं लिहिता येत नाही. तिचं खरं नाव ओता हिसा, जन्म 1868. तीही गेइशा होती, लहानपणी फिरत्या नाटकमंडळीत वाढलेली. 1901 च्या सुमारास कामाच्या शोधात युरोपला आली. उंची साडेचार फुटांच्या आसपास. 1905 मध्ये लंडनमध्ये लोई फुलरनं तिला एका जपानी कंपनीत पाहिलं, तिला मुख्य भूमिकेत आणलं आणि 'हानाको' हे नावही फुलरनंच दिलं. सादायाक्को परत गेली होती. जागा रिकामी होती. फुलरनं तिच्यासाठी छोटी नाटकं रचली आणि त्यांत अखेरीस हानाकोला मरावं लागे. एक बारकावा सांगतो. सामुराई घरातल्या बाईच्या आत्महत्येची रीत गळ्यावर सुरी चालवण्याची होती. पोट फाडणं पुरुषांचं. युरोपच्या मंचावर हानाको पुरुषांसारखं पोट फाडून घ्यायची, कारण तिकिटावर तेच लिहिलेलं होतं. हजारो लोकांनी हे 'जपान' म्हणून पाहिलं, आणि जपानी माणसाला ते पाहून काय वाटेल हा प्रश्न तिथे कुणालाच पडायचं कारण नव्हतं.

1906 मध्ये मार्सेयला वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं. शिल्पकार ऑग्यूस्त रोदाँ तिथे कंबोडियाच्या नर्तकींच्या मागोमाग आला होता, आणि तिथे त्यानं हानाकोला पाहिलं. पुढची काही वर्षं तो तिला बसवून तिचा चेहरा घडवत राहिला. पन्नासहून अधिक मुखवटे आणि शिरं. तिनं मरणाच्या क्षणीचा चेहरा धरून ठेवावा, डोळे तिरके, जबडा आवळलेला, असं त्याला हवं होतं. ती तो चेहरा न हलता खूप वेळ धरून ठेवू शके. ते मुखवटे मी छायाचित्रांतच पाहिले आहेत, पण दर वेळी मन दोन्हीकडे ओढलं जातं. एका म्हाताऱ्या, थोर शिल्पकारानं एका फिरत्या नटीच्या तोंडावरच्या स्नायूंची इतकी कदर केली. तिच्या देशातल्या किंवा युरोपातल्या दुसऱ्या कोणी केली नाही. आणि त्यालाही हवा होता तो तोच, फुलरनं विकलेला चेहरा.

1910 मध्ये जपानचा मोठा लेखक मोरी ओगाई यानं हानाको रोदाँच्या कार्यशाळेत गेल्याच्या प्रसंगावर कथा लिहिली. त्यातला जपानी दुभाषी विद्यार्थी तिला पाहून ओशाळतो, ही आपल्या देशाची सुंदर बाई म्हणून दाखवण्यासारखी नाही म्हणून. रोदाँला मात्र तिच्यात बळ दिसतं. दोन्ही नजरा किती नेमक्या पकडल्या आहेत. महायुद्धाच्या काळात हानाकोनं लंडनमध्ये खाणावळ चालवली, 1921 मध्ये रोदाँनं घडवलेले आपले दोन चेहरे घेऊन ती जपानला परतली आणि 1945 मध्ये गिफूला वारली. तिला ना शाळा काढता आली ना कंपनी. मायदेशात तिला पाहणारा प्रेक्षकच नव्हता. परदेशी मागणीवर पूर्ण उभं राहिलेल्या कलाकाराचं हे होतं, ही माझी खरी काळजी आहे.

हे एकदाच घडलं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. 1928 मध्ये इचिकावा सादान्जी दुसरा हा घराणेदार नट अस्सल काबुकी घेऊन सोव्हिएत रशियात गेला. चित्रपट-दिग्दर्शक आयझेनस्टाइननं त्यावर आवाज आणि दृश्य यांच्या नात्याचा विचार मांडला. हा पाया पक्का असलेला दौरा. पण दोनच वर्षांनी त्सुत्सुई तोकुजिरोची कंपनी पॅरिसला आली. ही ओसाकाकडची तलवारबाजीची लोकप्रिय नाटकं करणारी मंडळी, काबुकीशी दूरचं नातं असलेली. पॅरिसनं त्यांना काबुकी म्हणून पाहिलं, मेयरहोल्डसारखा रशियन नाट्यदिग्दर्शक भारावला. कावाकामीचीच गोष्ट, तीस वर्षांनी.

बुतो या आधुनिक जपानी नृत्याचं तर मला अजून आश्चर्य वाटतं. 1959 मध्ये हिजिकाता तात्सुमीनं ज्या नृत्याला तोंड फोडलं, त्याच्या मुळाशी जर्मन आधुनिक नृत्य आहे; हिजिकाता आणि ओनो काझुओ दोघांचं शिक्षण जर्मन नर्तकी मारी विगमनच्या जपानी शिष्यपरंपरेत झालेलं. 1980 मध्ये ओनो काझुओ आणि सांकाई जुकू ही बुतो-मंडळी फ्रान्समधल्या नान्सीच्या महोत्सवात आली. पांढरे फासलेले देह, संथ हालचाल. युरोपीय लेखकांनी लगेच त्यात हिरोशिमाची राख पाहिली. ओनो तर एका स्पॅनिश नर्तकीच्या आठवणीत नाचत होता. ला आर्हेन्तिनाला त्यानं तरुणपणी टोकियोत पाहिलं होतं. युरोपचीच चिठ्ठी पन्नास वर्षांनी परत आली होती आणि तिच्यावरचं अक्षर कुणाला ओळखू आलं नाही. पण म्हणून ओनोचा तो प्रयोग कमी ठरतो का? नाही. पाहणाऱ्याची समजूत अपुरी असतानाही काम पूर्ण असू शकतं. मात्र सांकाई जुकूसारख्या संस्थेला पुढे पॅरिसच्या थिएटरनं वर्षानुवर्षं नव्या निर्मितीसाठी आधार दिला. एका कार्यक्रमाऐवजी वीस वर्षं पाहत राहिलं, की प्रेक्षकाची नजर नवलाईतून बाहेर येते. ते मी या इतिहासातलं सगळ्यात आशादायक पान मानतो.

आता स्वतःचं. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एक समकालीन कौटुंबिक नाटक युरोपातल्या एका महोत्सवाला नेलं होतं. गिरणीतून निवृत्त झालेला बाप, दोन मुलं, एक खोली. आयोजकांनी निघायच्या महिनाभर आधी विचारलं, यात वाद्यं का नाहीत? आणि आई रात्री भांडी लावता लावता बोलते तो सात मिनिटांचा प्रवेश कमी करता येईल का? मी दिग्दर्शक होतो. मी प्रवेश तीन मिनिटांवर आणला आणि सुरुवातीला संबळ घातला. नाटकाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. संबळाला प्रचंड टाळी आली. परत आल्यावर साताऱ्याच्या प्रयोगाला आमच्या नटांनीच आग्रह धरला की संबळ ठेवू, छान जातो. ठेवला. आईचा प्रवेशही तीन मिनिटांचाच राहिला, कारण आता सगळ्यांच्या अंगात तोच बसला होता. आई करणाऱ्या बाईंनी मला एकदा विंगेत विचारलं, "माझी ती वाक्यं कुठे गेली हो?" त्या नाटकाचे पुढे फार प्रयोग झाले नाहीत.

त्या दिवसापासून माझ्यापुरतं एक पथ्य आहे आणि ते तुम्हाला सांगतो. बदल करूच नये असं मी म्हणत नाही. दौऱ्यावरचं नाटक बदलतंच, नाहीतर ते मरतं. सुपरटायटल, म्हणजे रंगमंचाच्या वर दिसणारा अनुवाद, वाचायला वेळ लागतो म्हणून वाक्यं आखूड करा, रंगमंच अरुंद म्हणून हालचाली बदला, प्रेक्षकाला संदर्भ नाही म्हणून कार्यक्रमपत्रिकेत चार ओळी द्या. पण सुचवलेला प्रत्येक बदल घेऊन एकच तपासा : यातून पात्र बोलायचं कमी होतं आहे आणि दिसायचं वाढतं आहे का? मोरितोचा संन्यास गेला तो असाच. आणि दुसरं, दौऱ्याची आवृत्ती वेगळ्या वहीत लिहा. परत आल्यावर मूळ संहितेवर किमान दोन पूर्ण तालमी करा, प्रयोगाआधी. अंगात काय बसतं ते कागदावर दिसत नाही.

महोत्सवाशी बोलताना आधीच विचारा, की प्रयोगानंतर प्रेक्षकांशी बोलायला अर्धा तास मिळेल का, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावण्याचा विचार आहे का. जो आयोजक तुमच्या दुसऱ्या नाटकाबद्दल विचारतो, त्याच्यासाठी थोडी काट सोसायला हरकत नाही. ज्याला फक्त पहिल्या दहा मिनिटांतला रंग हवा आहे, त्याच्याकडे जाऊ नका असंही मी म्हणणार नाही. बिदागी लागते, मंडळींना जग पाहू द्या. पण मग कोणता प्रवेश हलणार नाही हे निघायच्या आधी सगळ्या कंपनीसमोर ठरवा, म्हणजे तिथे गेल्यावर एकट्या दिग्दर्शकाच्या मनावर ते राहणार नाही.

तुमच्या संहितेतली नेमकी कोणती पानं कापायला सांगितली आहेत ते पत्रात नाही. ती पानं आणि आयोजकांची यादी पाठवा; ओळ घेऊन बसू.